कष्टाच्या पैशाचा पत्ता घरात हवा

दिघ्यापासून बेलापूरपर्यंतच्या वस्त्यांत कोणी कामगार वारला, की कागदपत्रांच्या कामासाठी आम्हां कार्यकर्त्यांना त्याच्या घरी जावे लागते. कोणी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यात असतो, कोणी तुर्भ्याच्या बाजारात माथाडी, कोणी महापालिकेच्या कंत्राटात. घर कोणतेही असो, पैशाची चौकशी निघाली की कपाटावरून एक प्लास्टिकची पिशवी खाली येते. तिच्यात एलआयसीची जुनी पावती, बंद पडलेल्या कंपनीची पगाराची चिठ्ठी, दोन-तीन पासबुके आणि पोस्टाचे पिवळे पडलेले कागद सापडतात. "एवढेच आहे की आणखी कुठे काही आहे?" असे आम्ही विचारतो. या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारा एकमेव माणूस गेलेला असतो.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या माणसांना बचत करायला शिकवावे लागत नाही. पोटाला चिमटा घेऊन मुलांच्या शिक्षणासाठी पैसे बाजूला टाकणाऱ्या माता आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. परंतु बचत करणे हे एक काम आणि तिची नोंद ठेवणे हे दुसरे काम. पहिले आपण करतो, दुसरे राहून जाते. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला असा उपदेश आहे, की मिळकतीचे चार भाग करावेत. एक उपभोगावा, दोन उद्योगात घालावेत आणि चौथा अडचणीच्या दिवसांसाठी राखून ठेवावा. हा राखलेला चौथा भाग अडचणीच्या दिवशी हातीच लागला नाही, तर तो राखला काय आणि न राखला काय!

म्हणून या लेखात आम्ही एकाच विषयावर बोलणार आहोत. घरातील सगळ्या बचतीची आणि गुंतवणुकीची खाती एका ठिकाणी, नीट मांडून कशी लिहावीत, आणि त्यासाठी घरातला संगणक कसा वापरावा.

पैसा किती ठिकाणी विखुरलेला असतो

आमच्याकडे पैसाच कुठे आहे, असे म्हणणाऱ्या घरातही बोटे मोडून मोजले तर आठ-दहा खाती निघतात. पगाराचे बँक खाते, गावाकडचे जुने खाते, पोस्टातील आरडी, एलआयसीची पॉलिसी, प्रॉव्हिडंट फंड, पतपेढीतील ठेव, बचत गटातील आईचा वाटा, मुलाने मोबाईलवरून सुरू केलेली म्युच्युअल फंडाची एसआयपी, आणि अलीकडे शेअर्सचे डिमॅट खातेसुद्धा.

याशिवाय दोन विमे असे आहेत, जे अनेकांच्या खात्यातून दरवर्षी कापले जातात आणि घरच्यांना माहीतच नसतात. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये आणि जीवनज्योती विमा योजनेचे ४३६ रुपये. या योजनांचे वर्ष १ जून ते ३१ मे असे असते, म्हणून मे-जूनच्या सुमारास पासबुकात या कपातीची नोंद दिसते. पहिल्या योजनेत अपघाती मृत्यूनंतर आणि दुसरीत कोणत्याही कारणाने मृत्यू आल्यास वारसाला २ लाख रुपये मिळतात. पण ते मागावे लागतात. पासबुकातील वीस रुपयांची ओळ कोणी वाचलीच नाही, तर मागणार कोण?

फंडाचेही तसेच. नोकरीत असताना सभासदाचा मृत्यू झाला, तर फंडाच्या रकमेबरोबर त्याला जोडलेल्या विम्याचे जास्तीत जास्त ७ लाख रुपयांपर्यंत मिळू शकतात. या विम्यासाठी कामगाराच्या पगारातून पैसा कापला जात नाही, त्यामुळे पगाराच्या चिठ्ठीवर तो दिसतही नाही.

बेवारस ठेवींचा डोंगर

नोंद नसल्याने काय होते ते पाहा. बँक खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ ग्राहकाने व्यवहार केला नाही, तर ते निष्क्रिय होते. दहा वर्षे कोणी फिरकले नाही, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेने २०१४ साली सुरू केलेल्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. ३१ मार्च २०२४ रोजी या निधीत ७८,२१३ कोटी रुपये जमा होते. हा पैसा केवळ श्रीमंतांचा आहे असे समजू नका. बदली झाली, नोकरी सुटली, झोपडी तुटली, पत्ता बदलला, अशा कारणांनी मागे राहिलेली लहान लहान खातीही त्यात आहेत.

शेअर्सचा नियम वेगळा आहे. सलग सात वर्षे लाभांश कोणी घेतला नाही, तर लाभांशासह ते शेअर्सही सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. दोन्ही ठिकाणचा पैसा बुडालेला नसतो. हक्कदाराला तो परत मिळवता येतो. पण त्यासाठी आपला पैसा तिथे होता, हे आधी माहीत असावे लागते.

किर्द-खतावणी संगणकावर

आम्ही वाणिज्य शाखेत शिकलो, तेव्हा पहिला धडा दुहेरी नोंदीचा होता. १४९४ साली इटलीतील लुका पाचोली यांनी ही पद्धत ग्रंथात छापून जगापुढे ठेवली. तिचे मर्म अगदी साधे आहे. पैसा नाहीसा होत नाही, तो एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो. म्हणून प्रत्येक नोंद दोन जागी करायची: कुठून गेला आणि कुठे आला.

घरात या पद्धतीचा मोठा उपयोग आहे. पोस्टात आरडीचे हजार रुपये भरले, की आपण म्हणतो, "हजार रुपये गेले." ते गेलेले नसतात, बँकेतून पोस्टात आलेले असतात. उलट विजेचे बिल भरले, तर ते खरोखर गेलेले असतात. साध्या डायरीत दोन्ही एकाखाली एक लिहिले जातात आणि वर्षअखेर आपण किती खर्च केला व किती राखले, हे कळत नाही.

टॅली शिकलेली मुले-मुली आपल्या वस्त्यांत बरीच आहेत. मात्र टॅली हे मुख्यतः धंद्यासाठीचे पॅकेज आहे. घरगुती हिशेबासाठी ग्नूकॅश नावाचे मोफत सॉफ्टवेअर १९९८ पासून उपलब्ध आहे. ते दुहेरी नोंदीवर चालते, जुन्या लॅपटॉपवरही काम देते, रुपयात हिशेब ठेवते आणि खात्यांची नावे देवनागरीत लिहू देते. नोंदी आपल्याच संगणकात राहतात. संगणक नसेल तर मोबाईलवरील साधी तक्त्याची शीट किंवा दोनशे पानी वहीसुद्धा चालेल. मांडणी तीच ठेवावी.

मांडणीत पाच मुख्य शीर्षके असतात.

१. मालमत्ता: बँक, पोस्ट, फंड, म्युच्युअल फंड, शेअर्स, हातातील रोकड.
२. देणी: घराचे कर्ज, सोने तारण कर्ज, पतपेढीचे कर्ज, उसनवारी.
३. उत्पन्न: पगार, घरकामाची मिळकत, व्याज, लाभांश.
४. खर्च: किराणा, भाडे, शाळा, औषधे, विम्याचे हप्ते, बँकेचे आकार.
५. भांडवल: नोंदी सुरू केल्या त्या दिवशीच्या शिल्लका.

जुने सगळे व्यवहार शोधत बसू नये. एक तारीख ठरवावी, समजा १ एप्रिल. त्या दिवशी प्रत्येक पासबुकात जी शिल्लक असेल ती आरंभीची शिल्लक म्हणून लिहावी आणि तेथून पुढे चालावे.

प्रत्येक खात्याला स्वतंत्र घर

येथे आमची पहिली सूचना अशी, की नुसते "बँक" असे एक खाते करू नये. जितकी पासबुके तितकी खाती करावीत. नावातच संस्था, शाखा, खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आणि कोणाच्या नावे ते लिहावे. प्रत्येक खात्याच्या टिपेत तीन गोष्टी भराव्यात: नॉमिनी कोण, मुदत कधी संपते आणि मूळ कागद घरात कुठे ठेवला आहे.

याचा आणखी एक फायदा आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून बँक ठेवींना विम्याचे संरक्षण ५ लाख रुपयांपर्यंत आहे. ते दर खात्याला नव्हे, तर एका बँकेतील एका ठेवीदाराच्या सर्व शाखांतील ठेवींना व्याजासह मिळून आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त १,००० रुपये काढता येत होते. आपले किती पैसे कोणत्या एका बँकेत अडकले आहेत, हे अशा वेळी नव्हे, आधी समजले पाहिजे. आणि पतपेढीतील ठेवींना हे विमा संरक्षण लागू नाही, ही गोष्ट लाल शाईने लिहून ठेवावी.

प्रॉव्हिडंट फंडाचे खाते लिहिताना एक काळजी घ्यावी. १५,००० रुपये वेतनावर हिशेब केला, तर कामगाराचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये फंडात जातात. मालकाच्याही १,८०० पैकी १,२५० रुपये पेन्शनकडे आणि ५५० रुपये फंडात जातात. म्हणजे दरमहा फंडाची शिल्लक २,३५० रुपयांनी वाढते, ३,६०० रुपयांनी नव्हे. फंडाच्या पासबुकातील पेन्शनचा रकाना शिल्लक म्हणून धरू नये. २०१४ पासून प्रत्येक सभासदाला एकच यूएएन क्रमांक असतो. कंत्राटदार बदलत गेल्याने ज्यांचे दोन-तीन फंड क्रमांक झाले आहेत, त्यांनी ते एका यूएएनखाली आणून घ्यावेत. माथाडी बांधवांनी आपल्या फंडाची व ग्रॅच्युइटीची नोंद आपल्या माथाडी मंडळाच्या नावाने वेगळी करावी.

एलआयसीच्या पॉलिसीवर पाच लाख लिहिले आहेत, म्हणून मालमत्तेत पाच लाख मांडू नयेत. ती विम्याची रक्कम आहे, आजची शिल्लक नव्हे. हप्ता खर्चात लिहावा आणि पॉलिसीचा क्रमांक, विम्याची रक्कम, मुदत व हप्त्याची तारीख टिपेत ठेवावी. कंपनीकडून सोडमूल्य लेखी मिळाले, तरच तेवढे मालमत्तेत धरावे.

एसआयपी आणि शेअर्स कसे लिहावेत

आता नव्या पिढीच्या गुंतवणुकीकडे वळू. एसआयपी ही आरडीसारखी नसते. आरडीत रुपये जमा होतात, म्युच्युअल फंडात युनिट जमा होतात. समजा, या महिन्यात ५०० रुपये भरले आणि युनिटचा भाव ४० रुपये होता, तर १२.५ युनिट मिळाले. पुढच्या महिन्यात भाव ५० झाला, तर ५०० रुपयांत १० युनिट मिळाले. किरकोळ मुद्रांक शुल्क सोडले, तर १,००० रुपयांत २२.५ युनिट झाले आणि ५० च्या भावाने त्यांची किंमत १,१२५ रुपये झाली. म्हणून येथे तीन आकडे ठेवावे लागतात: युनिट किती, भरले किती आणि आजची किंमत किती. ग्नूकॅशमध्ये प्रत्येक फंडासाठी "म्युच्युअल फंड" प्रकारचे वेगळे खाते उघडले आणि भाव भरला, की हा हिशेब आपोआप मांडला जातो.

शेअर्ससाठी दोन खाती लागतात. एक ब्रोकरकडील रोकडीचे आणि दुसरे त्या शेअरचे. समजा, मुलाने बँकेतून ५,००० रुपये ब्रोकरकडे पाठवले. हा खर्च नाही, नुसती जागा बदलली. मग ४२० रुपयांनी १० शेअर्स घेतले. ४,२०० रुपये शेअरच्या खात्यात आले, २४ रुपये आकार म्हणून खर्चात गेले आणि ७७६ रुपये ब्रोकरकडे रोकड राहिली. हे ७७६ रुपये विसरले जातात. नोंद असली की ते समोर दिसतात. उद्या भाव ४५० झाला, तर किंमत ४,५०० दिसेल. पण ते ३०० रुपये अजून उत्पन्न नव्हे. शेअर्स विकल्यानंतरच, तेही आकार वजा जाता, ते आपले. लाभांश मात्र थेट बँक खात्यात येतो, तो उत्पन्नात लिहावा.

ही शिस्त मुलांसाठी फार गरजेची आहे. मोबाईलवर फ्युचर-ऑप्शनचे व्यवहार करणारी मुले झालेला नफा मित्रांना सांगतात, तोटा गिळून टाकतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत अशा व्यवहारांतील ९३ टक्के सामान्य व्यवहारकर्त्यांना तोटा झाला आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. घरच्या हिशेबात ब्रोकरचे खाते उघड मांडलेले असेल, तर बापाची बचत तेथे वाहून जाते आहे हे वेळीच कळेल.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

नोंदींइतकेच महत्त्व नॉमिनीला आहे. लग्नाआधी उघडलेल्या खात्यात आई नॉमिनी असते. आई जाऊन दहा वर्षे होतात, तरी तेच नाव चालू राहते आणि पुढे विधवा भगिनीला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींसाठी चारपर्यंत नॉमिनी देण्याची सोय झाली आहे. तिचा लाभ घ्यावा.

परंतु नॉमिनी म्हणजे कायमचा मालक, असा समज करून घेऊ नये. शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद जयंत साळगावकर या खटल्यात १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीत हे स्पष्ट केले, की नॉमिनी नेमल्याने वारसा कायद्याने मिळणारा वारसांचा हक्क नाहीसा होत नाही. म्हणजे पैसा कोणाच्या हाती सोपवायचा हे नॉमिनीवरून ठरते, तो कोणाचा हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. सावत्र नाती, दुसरे लग्न, गावचे भाऊबंद असा गुंता असेल, तर साधे मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमक्ष करून ठेवणे शहाणपणाचे.

हरवलेली खाती शोधताना

मांडणी करताना "ते एक जुने खाते होते ना?" अशी आठवण निघेलच. बँक ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये "उद्गम" हे पोर्टल सुरू केले. त्यावर खातेदाराचे नाव आणि पॅन, मतदार ओळखपत्र किंवा जन्मतारीख असा एखादा तपशील देऊन अनेक बँकांत एकदम शोध घेता येतो. पैसे मात्र त्या बँकेत अर्ज करूनच मिळतात. विसरलेल्या म्युच्युअल फंडांसाठी सेबीने फेब्रुवारी २०२५ मध्ये "मित्र" ही सोय जाहीर केली. कागदी शेअर्स कोणाकडे पडून असतील, तर ते डिमॅट करून घ्यावेत. १ एप्रिल २०१९ पासून कागदी स्वरूपात शेअर्सची खरेदी-विक्री नोंदवली जात नाही. ही कामे स्वतः करता येतात. टक्केवारी मागणाऱ्या दलालाच्या हाती पॅन आणि आधार देऊ नये.

सॉफ्टवेअरवरही आंधळा विश्वास नको

मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीचेही घरगुती हिशेबाचे "मनी" नावाचे सॉफ्टवेअर होते. २००९ साली कंपनीने त्याची विक्री थांबवली आणि ते वापरणाऱ्यांना दुसरी सोय पाहावी लागली. तेव्हा कोणतेही सॉफ्टवेअर घ्या, दर तीन महिन्यांनी खात्यांची यादी व शिल्लक छापून फाईलला लावा. एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून विश्वासातल्या नातेवाइकाकडे ठेवा. एटीएमचा पिन, पासवर्ड, ओटीपी या यादीत कधीही लिहू नका. खाते कुठे आहे हे घरच्यांना कळले पाहिजे, किल्ली कोणाच्याही हाती पडता कामा नये. आणि मोबाईलवरील कोणतेही ॲप सर्व संदेश वाचण्याची परवानगी मागत असेल, तर ती देण्याआधी दहादा विचार करा.

दोघांनी मिळून बसावे

शेवटची गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. हा हिशेब एकट्या पुरुषाने लिहून कुलपात ठेवला, तर प्लास्टिकच्या पिशवीच्या जागी फक्त लॅपटॉप येईल, बाकी काही बदलणार नाही. पगारानंतरच्या पहिल्या रविवारी तासभर काढावा. पत्नीने पासबुके वाचावीत, मुलीने नोंदी कराव्यात, वडिलांनी पावत्या लावाव्यात. संगणकातील शिल्लक आणि पासबुकातील शिल्लक जुळली, की त्या खात्यापुढे खूण करावी. जुळली नाही, तर त्याच दिवशी शोधावे. बँकेने कापलेला आकार, चुकलेला आरडीचा हप्ता, कंत्राटदाराने न भरलेला फंड, सगळे येथेच सापडते. फंड भरलेला नाही हे दुसऱ्या महिन्यात कळले, तर युनियनला सोबत घेऊन तक्रार करता येते. आठ वर्षांनी कळले, तर कंत्राटदाराचा पत्ताही सापडत नाही.

मुलामुलींनो, आई-वडिलांना पैशाविषयी कसे विचारावे, असा संकोच करू नका. आणि वडीलधाऱ्यांनो, मुले विचारतात म्हणून त्यांची नजर पैशावर आहे असे समजू नका. या रविवारी कपाटावरची ती पिशवी खाली काढा, कागद जमिनीवर मांडा आणि पहिल्या पासबुकाची शिल्लक लिहून सुरुवात करा.